दोन्हीकडे वळणारी मान

कोणीच बोलत नव्हते. लांब टेबलावर सहा छायाचित्रे ओळीने मांडलेली होती, ती सगळ्यांची पाहून झाली होती, आणि आता नजर ठेवायची कुठे हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला होता. विभागप्रमुख कुझे चष्मा काढून काचा पुसत होते. त्या केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. विक्रीचे काम पाहणारा तोगाशी बार्लीच्या चहाच्या कपात तळाशी काहीतरी शोधत होता. खिडकीबाहेर शाकुजी नदीच्या काठावरची चेरीची झाडे उरलीसुरली पाने सोडत होती, एकेक, कोणी मागितल्यासारखी. मुरोइ शिगेकी तेवढा छायाचित्रांकडे पाहत राहिला होता. सहाही छायाचित्रांत एकच चेहरा होता: खांद्यांवर राखाडी कापड, केस मागे ओढून बांधलेले, ओठ मिटलेले, डोळे समोर. पहिल्यात तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता आणि सहाव्यात चाळिशीला टेकलेला. सहावे छायाचित्र मागच्या आठवड्यात मुरोइने स्वतः घेतले होते. चेहरा त्याच्या बायकोचा होता.

इताबाशीतल्या त्या कारखान्यात शांततेचे अनेक प्रकार होते, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मुरोइला ते दारातूनच ओळखता येऊ लागले होते. होकाराआधीची शांतता सैल असे; तिच्यात खुर्च्या करकरत, कोणी काडेपेटी चाचपत असे. नकाराची शांतता कोरडी, हात धुऊन पुसल्यासारखी. ही त्या दोन्हींहून वेगळी होती. हिच्यात माणसे एकमेकांना सांभाळत होती. कोणाला तरी लागेल म्हणून सगळ्यांनीच हात मागे घेतले होते. ज्याला लागणार होते तो आपण, हे त्याला कळत होते. पण कळणे आणि लागणे यांच्यामध्ये एक जाड काच होती, आणि काचेच्या अलीकडे खोलीतल्या हवेइतकेच त्याचेही तापमान होते.

“मोजमापं सगळी बरोबर आहेत,” अखेर कुझे म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण पाहिले खिडकीकडे. “पण उजेड मेलेला वाटतो, मुरोइ. चेहऱ्यावर पडतो. आत जात नाही.”

तोगाशीने कपातून डोके वर काढले आणि म्हणाला, की याची मान चारी दिशांना फिरते, उजेडच तेवढा कुठे वळत नाही. कोणी हसले नाही. त्याचे त्यालाही हसू आले नाही. मग कुझे म्हणाले, की नव्या मानेविषयी आपण सहानुभूतीने विचार करत राहू. आणि या वाक्याचा अर्थ त्या कारखान्यातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. नवे वर्ष लागण्याआधी साचे करायला द्यायचे होते. नवा फ्लॅश जुन्याच मानेवर निघणार होता. मुरोइची मान कपाटात जाणार होती, जिथे आणखी काही जणांच्या मुठी, झाकणे, कळा आपापल्या कापसात निजलेल्या होत्या, आणि कपाटातून परत बाहेर आलेले काही त्याने आजवर पाहिले नव्हते.

मान म्हणजे फ्लॅशची मान. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवायचा फ्लॅश, त्याचे खाली धड, वर डोके. त्या दोहोंमधला सांधा कारखान्यातली माणसे मान म्हणत, आणि मुरोइने आयुष्यात दुसरे काही केले नव्हते. समोरून फेकलेला उजेड माणसाला भिंतीवर चिकटवून टाकतो. नाकाखाली काळा डाग, कानामागे काळी कड, डोळ्यांत भ्यालेला ठिपका. म्हणून डोके छताकडे उचलायचे, नाहीतर भिंतीकडे वळवायचे. उजेड तिथे आदळतो, आपला धारदारपणा तिथेच ठेवतो आणि परत येताना माणसावर हलकेच उतरतो. ज्याला उजळायचे त्याच्याकडे पाहायचे नाही, ही त्या साऱ्या यंत्राची युक्ती. जुनी मान डावीकडे अगदी पाठीपर्यंत वळत असे आणि उजवीकडे निम्म्यावर अडत असे, कारण तिच्या पोटातून तारा जात होत्या आणि तारांना पीळ सोसत नव्हता. एकदा लग्नाच्या एका सभागृहात छायाचित्रे घेणारा एक म्हातारा कारखान्यात येऊन तक्रार सांगून गेला होता. त्याने उजवा हात वर घेऊन कॅमेरा उभा धरला होता, वधू साकेचा, तांदळाच्या दारूचा, कप ओठांना लावत होती, आणि त्याला उजेड पाठीमागच्या छतावरून हवा होता. मान अडली. त्याने कॅमेरा उलटा करून हात खाली घेतला तोवर कप खाली आला होता. म्हातारा म्हणाला, की तिने दुसऱ्यांदा कप उचलला. पण दुसऱ्यांदा तो नुसता कप होता.

त्या दिवसापासून मुरोइ दोन्हीकडे वळणारी मान शोधत होता. तारांचा चपटा पट्टा पोकळ आसाभोवती घड्याळाच्या कमानीसारखा गुंडाळला, की मान इकडे वळताना तो आवळतो, तिकडे वळताना सैल होतो, तुटत नाही. एवढे सांगायला एक वाक्य पुरत होते आणि करायला सहा वर्षे लागली होती. आणि मान जागी धरणाऱ्या, खाचांमध्ये बसणाऱ्या छोट्या पोलादी गोळीचा आवाज. जुनी मान ‘खट्’ म्हणे. देवळांमधल्या विधींत पुरोहित वळून पाहत. नवी मान इतकी हळू बसे की ती बसली हे कानांपेक्षा बोटांना आधी कळे. मानेने माणसाला विचार करायला लावू नये, असे तो म्हणत असे. तो फार थोडी वाक्ये म्हणत असे, म्हणून हे सगळ्यांच्या लक्षात राहिले होते.

आणि चेहऱ्याची रीत जुन्या मालकांची. ते म्हणत, फ्लॅश विकत घेतो तो माणूस, मोजपट्टी नव्हे. तेव्हा मोजपट्टीने पास केलेला प्रत्येक फ्लॅश एका माणसानेही पास केला पाहिजे, आणि तो माणूस दर वेळी तोच पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? चाचणीच्या खोलीत एक खुर्ची जमिनीला स्क्रूने पक्की बसवलेली होती. छत पांढरे, भिंती राखाडी, हनुवटी कुठे असावी त्यासाठी बाजूच्या खांबावर एक रेघ. सावाको तेव्हा चाचणी-विभागात कामाला होती. तिला निवडले ते सुंदर म्हणून नव्हे, तर तिचा चेहरा हलत नसे म्हणून. इतर मुली दिवा चमकायच्या आधीच डोळे बारीक करत, किंवा हसू दाबताना गाल फुगवत. ती बसली की बसली. खुर्चीतल्या माणसाने हसायचे नाही, रडायचे नाही, काही वाटून घ्यायचे नाही, आणि स्वतःचे छायाचित्र कधीही पाहायचे नाही, कारण एकदा पाहिले की माणूस पुढच्या वेळी त्या छायाचित्रासारखा बसू लागतो. लग्न ठरल्यावर तिने रिवाजाप्रमाणे नोकरी सोडली. निरोपाच्या जेवणात तोगाशी म्हणाला होता, “मुरोइने बायको नेली, पण खुर्ची आमच्याकडेच राहिली.” ते खरेच ठरले. दर नव्या फ्लॅशच्या वेळी ती बसने यायची, पाहुण्यांच्या वहीत आपले नाव लिहायची, बूट काढून चाचणीच्या खोलीतल्या सपाता घालायची, आणि तो तिच्या खांद्यांवर राखाडी कापड टाकून गळ्यामागे चिमटा लावायचा. लग्नानंतरच्या सोळा वर्षांत त्याने तिच्या मानेला इतक्या जपून दुसरीकडे कुठे हात लावला असेल, असे त्याला आता आठवत नव्हते.

त्याने तिच्याकडे पाहिले नव्हते असे नाही. त्याच्याइतके कोणी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिले नसेल. नाकाच्या कडेची सावली किती मऊ उतरते, हनुवटीखालचा अंधार कापडात कुठे विरतो, कपाळावरचा पांढरेपणा कुठे जास्त होतो, हे तो भिंग लावून तासन् तास पाहत आला होता. एका वर्षी तिची आई वारली. कानाझावाच्या माहेराहून ती परत आली आणि चारच दिवसांत चाचणी होती. पुढे ढकलू या, असे तो म्हणाला नाही. त्याच्या मनात आले होते, आणि मनात येणे म्हणजे अर्धे केल्यासारखेच, अशी त्याची सवय होती. ती आली, बसली, हनुवटी रेघेला लावली. ते छायाचित्र ओळीतले चौथे. त्वचेचा रंग इतका अचूक दुसऱ्या कशात उतरलेला नव्हता. कुझेंनी त्या वेळी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती, आणि घरी जाताना बसमध्ये त्याने तिला ते सांगितले. ती म्हणाली, “छान झालं.” मग तिने काचेवर साठलेले धुके बोटाने पुसले, आणि बाहेर दिसण्यासारखे काही नव्हते तरी बाहेर पाहत राहिली. त्या वेळी त्याला सुटल्यासारखे वाटले होते. चेहऱ्यात काही फरक पडला नाही, म्हणजे आत काही पडले नाही, असा हिशेब त्याने केला होता. उजेडाचे हिशेब तो तसेच करत असे.

आता सहाही एकदम समोर होती. आजवर तो दर वेळी दोनच पाहत आला होता, नवे आणि त्याच्या आधीचे, आणि दोहोंत कधीच फरक नसे. सहा एका ओळीत मांडली की मात्र पाण्याची पातळी दिसावी तसे काही दिसत होते. पहिल्यात, तोगाशी चाचणी-विभागात असताना त्याने घेतलेल्या छायाचित्रात, ती काहीच करत नव्हती, आणि तरी कोणी तरी दाराच्या आत उभे होते. हाक मारली असती तर ओ आली असती. दुसऱ्यातही. चौथ्यातही, आईच्या वेळच्या, आणि ते आता पाहवत नव्हते. पाचव्यात दार लोटलेले होते. सहाव्यात घर रिकामे होते. सामान जागच्या जागी, पडदे धुतलेले, आणि कोणी नाही. सुरकुत्या म्हणाव्यात तर त्या नव्हत्या, थकवा म्हणावा तर तोही नव्हता. भिंगाखाली धरून बोट ठेवावे असे त्यात काही नव्हते. उजेड उत्तम होता. त्याच्या मानेने पाठीमागच्या भिंतीवरून आणलेला उजेड इतका मऊ, इतका समान होता की त्यात लपायला कशालाच जागा उरली नव्हती. आणि हे सगळे त्या टेबलाभोवतीच्या माणसांना त्याच्याआधी दिसले होते. त्यांनी ते उजेडाच्या माथी मारले, त्याच्यासाठी, सभ्यपणाने.

बैठक उठल्यावर जिन्याखालच्या यंत्रात नाणी टाकून तोगाशीने दोन गरम कॉफीचे डबे काढले आणि एक त्याच्या हातात कोंबला. दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले. कारखान्यात मुरोइला ‘लेका’ म्हणणारा एवढा एकच माणूस होता.

“लेका, तू आंधळा आहेस की मला आंधळा समजतोस?” तोगाशी म्हणाला. “उजेडाला काय धाड भरलीय? काही झालेलं नाही उजेडाला.”

“मग आत का नाही बोललास?”

“तुझ्या बायकोच्या तोंडाबद्दल मी बोलू? आणि मग नव्या वर्षाला तुझ्या घरी कुठल्या तोंडानं जेवायला येऊ?” त्याने डबा गालाला लावला, जणू दात दुखत होता. “ऐक. जुनी मान आण, नवी आण. एकाच दिवशी, त्याच खुर्चीत, दोन्ही घे. सारखेच येणार. जोडी समोर ठेवली की कुझेसाहेबांना गप्प बसून मान्य करावं लागेल.”

मुरोइने विचारले, की दोन्ही सारखी आली तर मग दोष कशात, असे ते विचारतील. तोगाशी म्हणाला, विचारणार कोण? आपल्यात विचारतं कोण? दुसरा चेहरा शोधतील, एखादी नवी पोरगी, आणि तुझी मान साच्यात जाईल. सहा वर्षं घासलीस लेका, कपाटात घालायला? मग तो थांबला, डब्याच्या कडेवरून त्याच्याकडे पाहिले, आणि वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाला, “पहिला फोटो मी घेतलाय तिचा. तेव्हा नव्हती ती अशी.”

यावर काहीतरी वाटायला हवे होते. मुरोइ वाट पाहत उभा राहिला, बधिर पायात परत मुंग्या यायची वाट पाहावी तसा. कॉफी गोड होती, फार गोड. डबा बोटांना भाजत होता हे त्याला दिसत होते. ज्या जोडीविषयी तोगाशी बोलत होता ती तिथली शेवटची कसोटी होती: एकाच दिवशी, एकाच खुर्चीत, दोन यंत्रे. तिच्यापुढे आधीच्या कोणत्याही छायाचित्राला किंमत नसे. दोन्ही सारखी आली म्हणजे यंत्र निर्दोष. आणि यंत्र निर्दोष म्हणजे उरली ती खुर्चीत बसलेली. हे तोंडाने कोणी म्हणणार नव्हते. छायाचित्रांच्या पाठीमागे शिक्का बसणार होता, एवढेच. गप्प राहिलो तर खुर्चीत ती राहते आणि मान जाते. जोडी मागितली तर मान राहते, आणि आपल्या बायकोच्या चेहऱ्यात कोणी राहत नाही ही गोष्ट आपल्याच हाताने टेबलावर ठेवावी लागते. त्याने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. तोलताना त्याच्या लक्षात आले की खिशातल्या हाताने तो नमुन्याची मान फिरवतो आहे, इकडे, तिकडे, आणि ती दोन्हीकडे सारखीच वळते आहे.

संध्याकाळी त्याने कुझेंना गाठले. कुझे ओव्हरकोटात एक हात घालून उभे होते, दुसरी बाही लोंबत होती. जोडी घ्यावी म्हणतो, असे तो म्हणाला. कुझेंनी लोंबती बाही चाचपली. मग म्हणाले, “सावाकोसानना उगाच त्रास.” ते त्रास म्हणाले, आणि त्या शब्दातून त्यांनी दार उघडे ठेवले, अजूनही मागे फिरता आले असते. “त्रास कसला, त्यांना सवय आहे,” मुरोइ म्हणाला. बायकोबद्दल परक्या माणसाने बोलावे तसे आदरार्थी बोललो, हे त्याला जिना उतरताना कळले.

घरी तिने बांगडा मिसोत, आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात, शिजवला होता. मुळ्याचे लोणचे, भात, दोघांमध्ये पाण्याची किटली. त्याने नमुना खिशातून काढून ताटाशेजारी ठेवला, रोजच्यासारखा, आणि डाव्या हाताने फिरवत जेवू लागला. सहा वर्षांत त्या टेबलावर या मानेचे सगळे जन्म झाले होते: करकरणारी, अडखळणारी, एका बाजूला जड, आणि मग ही. सावाकोने कधी तक्रार केली नव्हती. लग्नानंतर पहिली एक-दोन वर्षे, जुन्या मानेच्या वेळी, ती विचारत असे, आज कशी आहे? आवाज कमी झाला ना? ती चाचणीतली मुलगी होती, तिचे कान तयार होते, आणि तिने सांगितलेले बहुतेक बरोबर असे. केव्हा तरी तिने विचारणे सोडले. केव्हा, ते त्याच्या लक्षात नाही. एखादा आवाज बंद झालेला लक्षात येतो तो बऱ्याच वेळाने, आणि तेव्हाही वाटते की शांतता पहिल्यापासूनच होती.

ती उठून भांडी घासू लागली तेव्हा तो तिच्या पाठीला म्हणाला, “परत एकदा यावं लागेल तुला.”

“का?”

“उजेड नीट आला नाही मागच्या वेळी.”

नळ चालू होता. तिने एक वाडगा विसळला, पालथा ठेवला, दुसरा घेतला. तिच्या पाठीवरून काही वाचता येत नव्हते. लोकरीच्या स्वेटरवर एप्रनची गाठ होती, आणि गाठ नीट मध्यावर होती.

“जुनीही लावणार का?” तिने विचारले.

त्याने हो म्हटले. आणि त्या एका अक्षरात तिला सगळे समजले हे त्यालाही समजले, कारण जोडी म्हणजे काय हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? त्या विभागात असताना तिनेच कितीतरी जोड्या लावल्या होत्या, दिवे, काचा, कागद. कशातला दोष आहे हे शोधायचे असेल तर बाकीचे सगळे तेच ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची. ती वळेल, असे त्याला वाटले. ती म्हणाली, “बरं.” मग थोड्या वेळाने, नळ बंद करून, हात पुसता पुसता: “चेहरा नुसता धुऊन यायचं ना? नेहमीसारखं?” त्याने पुन्हा हो म्हटले, आणि पर्सिमन फळाची फोड तोंडात टाकली. ती पिकलेली नव्हती; तुरटपणाने जीभ जड झाली, आणि त्या संध्याकाळी त्याला जाणवलेली ती एकच गोष्ट.

चाचणी गुरुवारी दुपारी होती. जोडी घेताना खोलीत यंत्र चालवणारा आणि बसणारा, दोघांखेरीज कोणी नसावे असा नियम. कुझे आणि बाकीचे वर, त्याच लांब टेबलाशी वाट पाहत बसले होते. सावाको वेळेवर आली. तिने वहीत नाव लिहिले, सपाता घातल्या, खुर्चीत बसून कापडासाठी मान किंचित पुढे केली. त्याने चिमटा लावला. तिच्या मानेवर केस बांधताना निसटलेली एक बट होती, त्यात दोन पांढरे. ती वर घ्यावी की नाही हे त्याला ठरवता येईना, आणि चित्राच्या चौकटीत ती येत नव्हती म्हणून त्याने तशीच राहू दिली. दिवे मंद केले. कॅमेरा तिवईवर होता. सोलून काढायच्या कागदाची, तिथल्या तिथे उमटणारी फिल्म त्याने आत सरकवली.

आधी जुनी. त्याने डोके डावीकडून फिरवून पाठीमागच्या भिंतीकडे नेले. राखाडी खोलीत खट्, खट् असा आवाज झाला, आणि खुर्चीतल्या चेहऱ्यावर काही हलले नाही. डोळे समोर, ओठ मिटलेले. उजेड चमकला तेव्हा अर्थात काहीच दिसले नाही. इतक्या थोड्या वेळात माणूस माणसाला पाहू शकत नाही, ते काम कागदाचे. मग त्याने जुना फ्लॅश काढून नवा बसवला. नवी मान त्याने उजवीकडून फिरवली, जिकडून जुनी कधी गेली नसती, आणि ती अगदी पाठीपर्यंत गेली आणि न बोलता बसली. त्याला बोटांत ते सुख उमटले, लहानसे, ओळखीचे, दुसऱ्या कोणाचे असावे तसे. दुसऱ्यांदा चमकले. त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिला. सावाको उठली नाही. सांगेपर्यंत खुर्चीतून उठायचे नसते.

पहिला कागद त्याने सोलला. रिकामे घर, जसे वर टेबलावर होते तसेच. त्याला वाटले, झाले, दुसराही असाच, आणि मान वाचली. त्याने दुसरा सोलला.

आधी त्याला वाटले की आपण चुकून जुना कागद उचलला, एखाद्या पूर्वीच्या वर्षाचा. तीच रेघ, तेच कापड, तीच मिटलेली जिवणी. त्याने दोन्ही दिव्याखाली धरले. भुवया तिथेच, पापण्या तिथेच, बोट ठेवावे असे काही हललेले नव्हते. पण दुसऱ्यात ती होती. दाराच्या आत नव्हे, उंबऱ्यावर, उजेडात. कोणाची तरी वाट पाहत असावी आणि तो माणूस वळणावर दिसला असावा. त्याने असा चेहरा पाहिला होता, कधीतरी, लग्नाआधी, याच खोलीत, आणि तेव्हाही तो तिच्या नाकाची सावली पाहत होता. हा चेहरा वर नेला की तोगाशी टेबलावर थाप मारेल. कुझे चष्मा काढतील. म्हणतील, बघा, उजेड आत गेला. मागच्या वेळी बॅटरीत काहीतरी असेल, म्हणतील, आणि साच्याची तारीख ठरवतील.

“ही नवी ना, दुसरी?” खुर्चीतून सावाको म्हणाली. तिचा आवाज रोजचाच होता. “आवाजावरून कळतं. म्हणजे आवाज नाही आला त्यावरून.”

“कोणती ते सांगायचं नसतं,” तो म्हणाला.

“मला कुठं सांगताय तुम्ही? मीच तुम्हाला सांगतेय.” ती उठली. उठायला त्याने सांगितले नव्हते. गळ्यामागे हात नेऊन तिने स्वतःच चिमटा काढला. “होईल ना आता? घेतील ना ती?”

त्याने होकारार्थी मान हलवली. मग त्याला काय करायचे ते सुचेना, म्हणून त्याने नियम मोडला: दुसरा कागद तिच्यासमोर धरला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. कापड झटकले, दोन्ही टोके जुळवली, घडी घातली. आणि तेव्हा त्या जाड काचेतून पहिल्यांदाच काहीतरी पलीकडून अलीकडे आले, हळूहळू, थंडीत गोठलेल्या हाताला पाण्याचा ऊनपणा आधी दुखून कळावा तसे. हे तिला येते. हवे तेव्हा आणता येते, हवे तेव्हा ठेवून देता येते, त्या दोन चमकांमधल्या अंतरातसुद्धा. ते संपलेले नव्हते. म्हणजे बांगड्याच्या ताटापलीकडे, बसच्या काचेपाशी, गाठ मध्यावर असलेल्या त्या पाठीच्या पुढच्या बाजूला, इतकी वर्षे तो जे पाहत नव्हता, ते तिने त्याला दाखवायचे नाही असे कधीतरी ठरवले होते. आणि आज दाखवले ते त्याला नव्हे, त्याच्या मानेला.

“सावाको,” तो म्हणाला. “म्हणजे तुला येतं हे.”

“काय?”

“हे.” कागद अजून ओलसर होता, त्याच्या अंगठ्याचा ठसा कडेला उमटला. “मग घरी का नाही?”

तिने घडी खुर्चीवर ठेवली आणि वरून हात फिरवून ती सपाट केली. भिंतीवरचा फोन वाजू लागला. वरून विचारत असणार. दारापाशी जाऊन ती खाली बसली, सपाता काढल्या, पुढच्या माणसाला येताच पाय घालता यावेत म्हणून त्यांची तोंडे खोलीकडे वळवून जोडीने नीट लावून ठेवल्या. मग आपले बूट घातले, बांधले, आणि लांब बोळातून फाटकाच्या दिशेने चालू लागली.